जुने स्पार्क प्लग: कुठला कोणत्या गाडीचा?

जुनी_चाकं: चार जुने प्लग ओळखायचेत. एकावर चॅम्पियन (कंपनीचं नाव) एक्स लिहिलंय, आटे खाली निमुळते होत जातात. दुसरा जवळपास तेवढाच जाड, पण आटे सरळ आणि अक्षरं पुसलेली. उरलेले दोन बारीक, त्यांवर जे ८ आणि एन ५ लिहिलंय. फोर्ड मॉडेल ए ला यातला कुठला चालेल?

पाना_बारा_तेरा: निमुळता तो फोर्डच्याच मॉडेल टी चा. आटे अर्ध्या इंची पाइपाचे, इंचाला १४. अर्धा इंच हे पाइपाचं माप, व्हर्नियरवर तो बाहेरून २१ मिमीच्या आसपास भरतो. मॉडेल ए चा प्लग ७/८ इंची, म्हणजे २२.२ मिमी. गल्लत इथेच होते, म्हणून नुसत्या जाडीवर जाऊ नका, पिच गेज (इंचात किती आटे ते मोजायची दातेरी पट्टी) लावा. सरळ आटे आणि इंचाला १८ भरले, तर ए ला बसेल. (त्या काळच्या इतर अमेरिकन गाड्यांनाही हे आटे असत, त्यामुळे तो ए चाच असेल असं नाही.) टी चा प्लग निमुळता असल्याने वॉशरशिवाय घट्ट बसतो, ए ला तांब्याचा वॉशर हवाच. एकाच्या जागी दुसरा पान्याने रेटलात तर हेडचे (प्लग बसतो त्या इंजिनाच्या वरच्या भागाचे) आटे गेलेच. गॅप (ठिणगी पडते ती फट) टी ला १/३२ इंच, ए ला ०.०३५ इंच.

काजळी: जे आणि एन दोन्ही १४ मिमी, त्यामुळे कुठेही फिरतात आणि घात करतात. जे चे आटे ३/८ इंच लांब, एन चे पाऊण इंच. जे ८ विलीज जीपचा, एन ५ अँबॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनासारख्या हेडचा. जीपमध्ये एन लावला तर टोक आत घुसून पिस्टन किंवा व्हॉल्व्हला लागू शकतं. उलट केलं तर ठिणगी भोकातच दबते, हेडच्या उघड्या आट्यांत काजळी बसते आणि पुढे योग्य प्लगही धड जात नाही.

जुनी_चाकं: आकड्यावरून प्लग गरम (उष्णता सावकाश सोडणारा) की थंड (लवकर सोडणारा) ते कळतं का? आणि तारेच्या ब्रशने साफ केले तर?

काजळी: चॅम्पियनमध्ये एकाच अक्षराच्या मालिकेत आकडा मोठा तो गरम. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये बरोब्बर उलटं, मोठा आकडा थंड. मायको-बॉशच्या जुन्या डब्ल्यू १७५ सारख्या तीन आकडी नंबरांतही मोठा तो थंड.

पाना_बारा_तेरा: चिनी मातीला तारेचा ब्रश नको. धातूची रेघ उमटते, करंट तिच्यावरून पळतो आणि सिलिंडर मिस मारतो. साचलेला थर पेट्रोलमध्ये भिजवून नायलॉनच्या ब्रशने काढा, कोरडा खरवडू नका, त्या थरात जुन्या पेट्रोलमधलं शिसं असू शकतं. चॅम्पियन एक्स उघडलात तर आतल्या वॉशरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, तो ओलाच काढा. आणि बाहेर ठिणगी दिसली म्हणून प्लग चांगला समजू नका. तडा गेलेला प्लग मोकळ्या हवेत ठिणगी देतो आणि कॉम्प्रेशनखाली बंद पडतो.