लाइकली लेटर आलंय, म्हणजे ॲडमिशन झाली असं समजायचं का?

एडिसनची_माई

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून धागा काढतेय. लेक बारावीत आहे, इथेच न्यू जर्सीत पब्लिक हायस्कूलला. अर्ली डिसिजन (एकाच कॉलेजला आधी अर्ज, मिळालं तर तिथेच जायचं) वगैरे केलं नव्हतं कारण तिचं एक काही ठरतच नव्हतं, सगळे अर्ज रेग्युलरचे, जानेवारीच्या सुरुवातीला गेले. काल आयव्हीतल्या (हार्वर्ड वगैरे आठ नावाजलेल्या विद्यापीठांचा गट) एका कॉलेजचं पत्र आलं (नाव लिहीत नाही, लेक जीव घेईल).

पत्रात अभिनंदन नाही, ॲडमिटेड हा शब्दही नाही. एवढंच की कमिटीला तुझा अर्ज फार आवडला, अधिकृत निकाल मार्चअखेरीस सगळ्यांबरोबरच लागेल, पण तुझी निवड होण्याची दाट शक्यता आहे हे तुला आत्ताच कळावं असं आम्हाला वाटलं, अभ्यास असाच चालू ठेव. खाली सही, आणि सहीखाली निळ्या पेनाने दोन ओळी, तिने निबंधात आजोबांच्या पिठाच्या गिरणीबद्दल लिहिलं होतं त्याबद्दल. त्या दोन ओळी वाचून मी रडले, ती म्हणाली आई प्लीज.

आता घरात तीन पार्ट्या झाल्यात. नवरा म्हणतो झालं काम, बाकीचे अर्ज मागे घेऊन टाकू. लेक म्हणते कोणालाही सांगायचं नाही. आणि सासूबाईंनी सांगलीत निम्म्या गल्लीला सांगून पेढ्यांचं बघायला पण सुरुवात केलीय. ह्या पत्राला नक्की किती अर्थ असतो?

शिवाय दुसऱ्या एका कॉलेजने आमचे टॅक्सचे कागद मागितलेत, तिसऱ्याच्या माजी विद्यार्थ्याने इंटरव्ह्यू संपताना "सी यू इन द फॉल" (कॉलेज सुरू झालं की भेटू) म्हटलं, आणि चौथ्याच्या पोर्टलवर अचानक हाउसिंगचा (हॉस्टेलचा) टॅब दिसायला लागलाय. हे पण संकेतच धरायचे का? कोणी ह्यातून गेलं असेल तर सांगा.

---

बोस्टनचे_बापू

माई, सगळ्यात आधी अभिनंदन, तुमच्या पत्रात नसलं तरी माझ्याकडून घ्या.

आमच्या मुलाला फेन्सिंगमधून असं पत्र आलं होतं त्यामुळे हे सगळं तेव्हा खोदून काढलंय. आयव्हीतल्या आठही कॉलेजांचा आपसात करार आहे, त्यानुसार १ ऑक्टोबर ते १५ मार्च ह्या काळात ॲडमिशन ऑफिस असं लाइकली लेटर पाठवू शकतं. आणि हे नुसतं गोड बोलणं नसतं, करारातच आहे की पत्र दिलं म्हणजे ते प्रवेशासारखंच धरायचं, मुलाने मधल्या काळात अभ्यास सोडून दिला किंवा काही भानगड केली तरच ते मागे घेता येतं. म्हणजे भाषा जपून वापरलेली असते, पण अर्थ होच असतो.

मुळात ही सोय झाली खेळाडूंसाठी. आयव्हीत खेळाची स्कॉलरशिप नसते, आणि बाकी मोठी कॉलेजं नोव्हेंबरातच पोरांकडून सह्या घेतात, मग आयव्हीचा कोच पोराला काय सांगणार, मार्चपर्यंत थांब म्हणून? तेवढ्यात पोरगं दुसरीकडे जाणार. म्हणून हे पत्र. पण तुमच्या मुलीसारखं खेळाशिवाय, रेग्युलरमध्ये, फेब्रुवारीत येणारं पत्र त्याहून दुर्मिळ. ते ज्यांना सगळीकडूनच बोलावणं येणार हे ऑफिसला दिसतंय अशा मोजक्या मुलांना जातं, कारण त्या मुलाने आपल्याकडेच यावं असं त्यांना वाटत असतं. ज्या हार्वर्डमध्ये शंभरातल्या चारेक मुलांनाच प्रवेश मिळतो आणि ज्यांना मिळतो त्यातली ऐंशी टक्क्यांच्या वर तिथेच जातात, त्यांना पण पोरं अशी आधीच सांगून ठेवावीशी वाटतात म्हणजे बघा.

एक महत्त्वाचं. पत्राने कॉलेज बांधलं जातं, तुमची मुलगी नाही. तिला १ मेपर्यंत कुठेही जायची मोकळीक आहे. तेव्हा बाकीचे अर्ज अजिबात मागे घेऊ नका, साहेबांना सांगा जरा दम धरा. फायनान्शियल एडचा आकडा बहुतेक वेळा अधिकृत निकालाबरोबरच येतो, आणि आयव्हीत मेरिट स्कॉलरशिप नसतेच, जे काय ते घरच्या उत्पन्नावर. तो आकडा बघितल्याशिवाय कसलं ठरवताय. आमच्याकडे दोन कॉलेजांच्या आकड्यात इतका फरक निघाला की हिने आधी कॅल्क्युलेटर आणला आणि मग फोन उचलला.

---

हॉस्टेलचा_उंदीर

बापूंना +१. मी सध्या तिकडेच शिकतोय (आयव्ही नाही, हलके घ्या) त्यामुळे बाकीच्या तीन "संकेतां"बद्दल सांगतो.

पोर्टल विसरा!! हाउसिंगचा टॅब, बदललेला रंग, गायब झालेलं बटन, हे दर वर्षी मार्चमध्ये हजारो मुलं रात्रभर बघत बसतात, आम्ही पण बसलेलो, एकाने तर पानाचा सोर्स कोड उघडून त्यात "ॲडमिट" शब्द शोधला आणि तो सापडला पण, "ॲडमिट कार्ड"सारख्या कुठल्यातरी कॉमन फाइलमध्ये. पोर्टल एकच असतं, सगळ्यांसाठी एकदम अपडेट होतं. ज्योतिष आहे ते, तिकडे त्याला पोर्टल ॲस्ट्रॉलॉजीच म्हणतात.

आणि कॉम्प्युटरवर किती विश्वास ठेवायचा ते पण बघा. २००९ साली यूसी सॅन डिएगोने नाकारलेल्या सुमारे २८,००० मुलांना चुकून स्वागताचा ईमेल पाठवला होता. २०१४ च्या डिसेंबरात जॉन्स हॉपकिन्सने २९४ जणांना, म्हणजे ज्यांना नाही किंवा थांबा असं आधीच कळवलं होतं त्यांना. पुढच्याच फेब्रुवारीत कार्नेगी मेलनने मास्टर्सच्या ८०० जणांना, आणि काही तासांत सॉरीचा मेल. त्यांच्या घरी काय झालं असेल त्या दिवशी.

त्यामुळे काकू तुमचं पत्र ईमेलने आलं असेल तर पाठवणाऱ्याचा पत्ता एकदा नीट बघा, आणि शंका असेल तर वेबसाइटवरच्या नंबरवर ऑफिसला सरळ फोन करा. पण पेनाने गिरणीबद्दल लिहिलंय म्हणजे कोणीतरी फाइल हातात घेऊन लिहिलंय, ते चुकून २८,००० लोकांना जात नाही 😄

---

कोथरूड_काउन्सेलर

मी पुण्यात परदेशी ॲडमिशनचं काम करते, आमच्याकडे पालक हेच प्रश्न घेऊन फेब्रुवारीभर येत असतात.

टॅक्सचे कागद: तुम्ही सीएसएस प्रोफाइल (आर्थिक मदतीचा, म्हणजे एडचा फॉर्म) भरलं की पुष्कळ कॉलेजं आयडॉकवर (कागद अपलोड करायची साइट) कागद मागतातच, एड मागणाऱ्या सगळ्यांकडे. तुमची फाइल ॲडमिशनवाल्यांनी उघडली पण नसेल तेव्हा तो मेल आलेला असतो. मात्र तारीख चुकवू नका, कागद अर्धवट असले तर एड अडकते.

इंटरव्ह्यू: तो घेणारे बहुतेक माजी विद्यार्थीच, त्यांना निकालात मत नसतं, ते एक रिपोर्ट पाठवतात एवढंच. बोलावणं येणं न येणं पण तुमच्या भागात कोण मोकळं आहे ह्यावर. "सी यू इन द फॉल" हे ते काका सगळ्यांनाच म्हणत असतील, चांगल्या मनाने. आमच्या एका विद्यार्थ्याला तर इंटरव्ह्यूवाल्याने घरचा पत्ता दिला होता राहायला या म्हणून, आणि निकाल मात्र "नाही" असा आला.

आणि ती जाडजूड रंगीत ब्रोशरं, "आम्हाला तुझ्यासारखीच मुलं हवीत" वाले मेल, ते तर संकेत नव्हेतच. पीएसएटीसारख्या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाला मुलाने एकदा हो म्हटलं की कॉलेजं त्यांच्याकडून नाव विकत घेतात. हे मी मुद्दाम लिहितेय कारण असल्या मेलची प्रिंट काढून लॅमिनेट करून आणलेले आजोबा मी पाहिलेत.

खरे संकेत फार थोडे. एक तुम्हाला मिळालंय ते. बर्कलीचं एक आहे, फेब्रुवारीत रीजंट्स अँड चान्सलर्स स्कॉलरशिपसाठी निवडक मुलांना बोलावणं जातं, ते आलं की प्रवेश झाल्यातच जमा, जरी निकाल मार्चअखेर असला तरी. दोन्हीत सारखं काय तर ॲडमिशन ऑफिसने स्वतःहून, लेखी, तुमच्याच मुलाच्या नावाने कळवलंय.

हे आपल्या इकडच्या स्क्वॉशवाल्या पालकांनी पण वाचावं. मुंबईच्या क्लबांतली बरीच मुलं तिकडे जातात, आणि कोच उन्हाळ्यात मार्क मागवून घेतो, "तुझ्यासाठी जागा धरलीय" म्हणतो आणि घरचे इकडे निश्चिंत. आयव्हीत कोचला प्रवेश द्यायचा अधिकारच नाही, तो फक्त आपला पाठिंबा कळवतो. मुलाला म्हणावं, लाइकली लेटर कधी मिळेल ते कोचला स्पष्ट विचार, लाजू नकोस.

---

विदर्भाचा_पोट्टा

अवांतर थोडं, पण पीएचडीवाल्यांनी हे नियम लावू नका बरं. आमच्याकडे उलटं आहे. तिथे प्रोफेसरचा मेल हाच पहिला संकेत, झूमवर बोलू म्हणतात, मग कॅम्पस बघायला बोलावतात, तिकिटाचे पैसे पण देतात, अन् बरेचदा तेच खरं निघतं. पण बरेचदाच. मला एका ठिकाणी जानेवारीत सर म्हणाले तू माझ्या लॅबमध्ये ये, मी दोस्तांना पार्टी दिली, मार्चमध्ये त्यांची ग्रँटच गेली अन् डिपार्टमेंटने नाही कळवलं. सरांनी बिचाऱ्यांनी माफी मागितली पण पार्टीचे पैसे कोण देते.

२०२५ साली तर फेडरल फंडिंग कापल्यावर काही विद्यापीठांनी दिलेल्या ऑफर सुद्धा मागे घेतल्या. त्यामुळे ग्रॅज्युएट स्कूलचं पत्र, त्यात स्टायपेंडचा आकडा, अन् १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुभा, हे तीन हातात आल्याशिवाय घरी फोन करू नका.

---

एडिसनची_माई

सगळ्यांचे खूप आभार, नवऱ्याला बापूंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, आता तो म्हणतो मी कुठे मागे घ्या म्हणालो होतो. सकाळी ऑफिसला फोन केला, बाईंनी छान बोलून सांगितलं की हो पत्र आमचंच आहे.

आता पोटात गोळा वेगळाच. बापूंनी लिहिलंय अभ्यास सोडला तर मागे घेतात. हिला एपी (कॉलेजच्या पातळीच्या) फिजिक्समध्ये ह्या सेमिस्टरला बी ग्रेड येईल असं दिसतंय, आधी सगळे ए आहेत. ह्याने काही होईल का? शाळेच्या काउन्सेलरला आत्ताच सांगून ठेवू का?

---

बोस्टनचे_बापू

एका बी ने काही होत नाही हो. आमच्या चिरंजीवांना शेवटच्या सेमिस्टरला दोन आले होते, कोणी विचारलं पण नाही. जूनमध्ये शाळा फायनल ट्रान्सक्रिप्ट पाठवते तेव्हा ते बघतात की पोरगं कोसळलंय का. डी, नापास, किंवा न कळवता अवघड विषय सोडून देणं, ह्यावर पत्र येतं, आणि तेव्हा पण आधी कारण विचारतात. विषय बदलायचा असेल तर मात्र आधी कॉलेजला कळवा.

मार्कांपेक्षा फोनवर लक्ष ठेवा. २०१७ साली हार्वर्डने निदान दहा मुलांचे प्रवेश रद्द केले, पूर्ण झालेले प्रवेश बरं का, आणि ते मार्कांसाठी नव्हे, फेसबुकवरच्या खाजगी ग्रुपमध्ये घाणेरडी मीम टाकली म्हणून.

---

कोथरूड_काउन्सेलर

+१. शाळेच्या काउन्सेलरला पत्राबद्दल सांगा, बी बद्दल आत्ता काही बोलायची गरज नाही. इकडून अर्ज केलेल्यांसाठी: आपले बोर्डाचे निकाल मे महिन्यात लागतात, ते पण पाठवावे लागतात, त्यामुळे ऑफर आली म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेला ढिलाई केलेली चालत नाही. प्रेडिक्टेड मार्क ९५ आणि हातात ७८ असं झालं की पत्रव्यवहार सुरू होतो आणि तो फार कटकटीचा असतो.

---

नवी_मुंबईकर

छान धागा. आमच्याकडे लाइकली वगैरे नाही, मुलाला अर्ली ॲक्शनला (लवकरचा अर्ज, पण बंधन नसलेला) डिफर केलंय एका ठिकाणी, म्हणजे निकाल रेग्युलरवर ढकललाय. त्यात काही संकेत असतो का, म्हणजे सरळ नाही का नाही म्हणाले?

---

हॉस्टेलचा_उंदीर

कॉलेजवर आहे काका. काही ठिकाणी नाही म्हणायच्या ऐवजी बहुतेकांना डिफरच करतात, काही ठिकाणी बहुतेकांना सरळ नाही म्हणतात आणि मोजक्यांनाच डिफर, तिथे त्याला थोडा अर्थ आहे. कॉलेजचं नाव मला खाजगी मेसेजमध्ये कळवा, बघून सांगतो. आणि मुलाला म्हणावं जानेवारीचे मार्क आणि काही नवीन केलं असेल तर त्याचं एक पानी पत्र पाठव, पण आधी त्यांच्या साइटवर ते असलं पत्र घेतात का ते बघ, काही ठिकाणी पोर्टलवर फॉर्म असतो, काहींनी स्पष्ट लिहिलेलं असतं की काहीही पाठवू नका.