दान्ते ठीक, पण सोपाऱ्याचं काय?
मुंबईची एशियाटिक सोसायटी म्हणजे टाउन हॉलच्या पायऱ्या आणि दान्तेचं हस्तलिखित, एवढ्यावरच चर्चा अडकलीय म्हणून थोडी भर. दान्ते मोलाचा आहेच, पण आशियाच्या अभ्यासासाठी काढलेली संस्था लोकांना इटालियन कवीमुळे ठाऊक असावी, ही गंमतच!

माझ्या लेखी तिथला खरा ऐवज नालासोपाऱ्याचा. 'बुरूड राजाचा कोट' म्हणून लोक ज्याला ओळखत, तो उंचवटा पुरातत्त्वाचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये खणला आणि निघाला स्तूप. आत दगडी पेटी. तिच्यात तांब्याचा करंडक (झाकणाची डबी), त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा, सगळ्यात आत सोन्याचा. आणि सोन्याच्या करंडकात काय? मातीच्या भांड्याची खापरं! बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून जपलेली. तांब्याच्या करंडकाभोवती आठ छोट्या ब्रॉन्झ बुद्धमूर्ती.

सोसायटी म्हणजे इंग्रज 'साहेबांचा क्लब', हा चर्चेतला शेरा सुरुवातीच्या काळापुरता मान्य. स्थापना १८०४ ची, पहिले भारतीय सभासद माणकजी करसेटजी थेट १८४० मध्ये. पण पुढे भाऊ दाजी लाड, रा. गो. भांडारकर या भारतीय अभ्यासकांचे शोधनिबंध तिथल्याच जर्नलमध्ये छापून आले, तेही विसरू नका.