मदत हवी आहे: पोलर कोर्स (ध्रुवीय पाण्यात जहाज चालवायचं प्रशिक्षण) बेसिक करू की अ‍ॅडव्हान्स्ड? जहाजावर जॉइनिंग तोंडावर आहे

दर्या_गुहागर: एजंट म्हणतो अ‍ॅडव्हान्स्डच हवा, इन्स्टिट्यूटवाले म्हणतात बेसिक पुरे. जहाज नॉर्दर्न सी रूटने, म्हणजे रशियाच्या उत्तर किनाऱ्याने, जाणार आहे. फी घरूनच भरायची आहे. नक्की माहीत असेल त्यांनीच सांगा.

जुना_चीफमेट: रँक? टँकर, बल्कर (सुटा माल नेणारं) की कंटेनर? त्यावर सगळं आहे.

सागर_पनवेल: दोन्ही करून टाक. मी २०१९ मध्ये जुन्या अनुभवावर सुटलो होतो.

जुना_चीफमेट: सागर, कोर्सऐवजी जुना अनुभव चालायची ती सवलत १ जुलै २०२० ला संपली. आता अ‍ॅडव्हान्स्डला आधी बेसिक आणि ध्रुवीय पाण्यातली किंवा तत्सम मान्य दोन महिन्यांची सेवा लागते. पोराचे पैसे घालवू नका.

दर्या_गुहागर: सेकंड मेट, म्हणजे चीफ मेटच्या खालचा, पाळीचा वॉच घेणारा अधिकारी. बल्कर. रशियातल्या मुर्मान्स्कला कोळसा भरायचाय. आता तरी सांगा!

होकायंत्र: मुर्मान्स्क पोलर कोडमध्ये, म्हणजे ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, येतच नाही. उष्ण प्रवाहामुळे ते बंदर गोठत नाही, म्हणून नॉर्वेचा किनारा नि कोला द्वीपकल्प हद्दीबाहेर ठेवलेत. कोर्सच नको.

जुना_चीफमेट: भरून जाणार कुठे?

दर्या_गुहागर: चीनला. नॉर्दर्न सी रूट लिहिलंय ना वर.

बेला_ठाणे: त्या वाटेला जाऊच नका. रशियावरचे निर्बंध, विमा, काही झालं तर कोण भरणार? एमएससी, हापाग-लॉइड आम्ही जाणार नाही म्हणून सांगून बसलेत.

होकायंत्र: त्या कंटेनर कंपन्या. रॉटरडॅम ते योकोहामा सुएझमार्गे ११,२०० सागरी मैल, इकडून साधारण ७,३००. बल्करचा मालक इंधन वाचवायला जाणारच.

नाईक_वास्को: माझा भाचा इथल्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून हिमाद्रीला, आपल्या आर्क्टिकमधल्या केंद्राला, जाऊन आला. सुती मोजे नेऊ नका, लोकरीचे न्या.

जुना_चीफमेट: मोजे नंतर. मुर्मान्स्कहून पूर्वेला निघालात की कानिन नोस भूशिरापासून पोलर कोडची हद्द लागते, ती बेरिंग समुद्रात ६० अंश उत्तर अक्षांशावर उतरेपर्यंत. पाणी बर्फमुक्त असेल तर कोणालाच काही नको. पाण्याच्या एक दशांशाहून कमी भागावर बर्फ असेल तर टँकर आणि प्रवासी जहाजांवर मास्टर (कॅप्टन), चीफ मेट, वॉचकीपर सगळ्यांना बेसिक. बल्करला तेही नाही. त्याहून जास्त बर्फात मात्र जहाज कोणतंही असो, मास्टर नि चीफ मेटला अ‍ॅडव्हान्स्ड, वॉच घेणाऱ्याला बेसिक. त्याच वाटेवरच्या विल्किट्स्की सामुद्रधुनीत उन्हाळ्यातही बर्फ अडवतो, तेव्हा तू बेसिक कर. पण एजंट अ‍ॅडव्हान्स्ड का म्हणतोय? चीफ मेट करून पाठवतोय का?

दर्या_गुहागर: जहाजावर गेल्यावर प्रमोशन देऊ म्हणालाय. तोंडी. त्याचा काय संबंध?

जुना_चीफमेट: अरे, सगळा संबंध त्याचाच आहे! करारावर रँक काय लिहिलीय? आणि बर्फातली सेवा आहे का तुझी? नसेल तर अ‍ॅडव्हान्स्डची फी भरूनही सर्टिफिकेट मिळणार नाही. कंपनीकडून आधी लेखी घे.