मदत हवी आहे: उबुंटू (लिनक्स) १४.०४, स्क्रीन ८०० बाय ६०० च्या वर जातच नाही (अर्जंट)

राजवाडा_रेडियम (इंदूर): दुकानातला कॉम्प्युटर आहे. कर्नल (सिस्टमचा गाभा) ३.१३. स्क्रीनच्या एनव्हिडिया कार्डाचा ३४० ड्रायव्हर चारदा काढून परत टाकला, तरी तेच. रेडियमची अक्षरं कापायच्या सॉफ्टवेअरमधलं 'कट' बटण स्क्रीनच्या खाली जातंय. केबल बदलली, कन्व्हर्टर बदलला. अनंत चतुर्दशीच्या मिलच्या झांकीची (मिरवणुकीतल्या देखाव्याची) अक्षरं उद्या संध्याकाळी द्यायची आहेत. अपग्रेड करा म्हणून सांगू नका, सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही.

बडोदेकर: अपग्रेड करा. १४.०४ चा नेहमीचा सपोर्ट एप्रिल २०१९ लाच संपलाय. मी मांडवीच्या ऑफिसात २२.०४ टाकलं, तासाभरात काम फत्ते.

राजवाडा_रेडियम: काका, शेवटची ओळ वाचलीत का?

टर्मिनलताई: कार्ड कोणतं? ३२ बिट की ६४? टर्मिनलवर (कमांड लिहायची खिडकी) एलएसपीसीआय (कार्ड दाखवतं) आणि युनेम -ए (कर्नल आणि बिट दाखवतं) मारा, जे येईल ते इथे टाका.

राजवाडा_रेडियम: कार्ड एनव्हिडियाचं, वर लिहिलंय ना. इतकी वर्षं ३४० वरच तर चालत होतं.

पोहे_पेंग्विन: भिया, ग्रबमध्ये (मशीन सुरू होतानाचा मेनू) नोमोडसेट टाक. माझा स्क्रीन काळा व्हायचा, त्यानेच सुटला.

टर्मिनलताई: यांचा काळा होत नाहीये हो. नोमोडसेटने कर्नल स्वतः स्क्रीनचा मोड लावायचं सोडतो. मशीन कसंबसं सुरू होतं, पण रिझोल्यूशन काही वाढत नाही.

पोहे_पेंग्विन: माझं तर झालं बुवा.

ग्वाल्हेरचे_नाना: एक शंका. ३४० चालत होता म्हणजे कार्ड जीफोर्स ८, ९ नाहीतर २०० च्या घराण्यातलं. त्यातल्या बऱ्याच कार्डांवर व्हीजीए (जुन्या स्क्रीनची जोडणी) असतो. मग हा कन्व्हर्टर कुठून आला?

राजवाडा_रेडियम: जुनं जीफोर्स २१० कार्ड गेल्या आठवड्यात जळलं. दुकानदाराने जीटी १०३० दिलं, म्हणाला सगळ्यावर चालतं. त्याला व्हीजीए नाही.

टर्मिनलताई: हे आत्ता सांगताय?

ग्वाल्हेरचे_नाना: सापडलं. १०३० आलं २०१७ मध्ये, तुमचा कर्नल २०१४ चा. त्यातला नूवो (एनव्हिडियासाठीचा लिनक्सचा स्वतःचा ड्रायव्हर) ह्या कार्डाला ओळखत नाही, आणि ३४० तर त्याच्या घराण्याचाच नाही. चारदा काय, चाळीसदा टाका. सध्या स्क्रीन साध्या वेसावर (कुठल्याही कार्डावर चालणारा कामचलाऊ मोड) चाललाय, म्हणून ८०० बाय ६००.

पोहे_पेंग्विन: मग १४.०४ वरच ४.४ कर्नल मिळतो की, तो टाका.

ग्वाल्हेरचे_नाना: तो २०१६ चा. तोही ह्या कार्डाच्या आधीचाच.

बडोदेकर: एवढं कशाला, एनव्हिडियाच्या साइटवरून सगळ्यात नवा ड्रायव्हर घ्या ना.

टर्मिनलताई: घेऊ नका! ३२ बिट असेल तर ३९० ही शेवटची मालिका, पुढे त्यांनी ३२ बिट बंदच केलं. म्हणून तर मघाशी विचारलं होतं.

राजवाडा_रेडियम: आय-६८६ लिहून आलंय.

ग्वाल्हेरचे_नाना: म्हणजे ३२ बिटच. ३९० ची ३२ बिटवाली डॉट-रन फाइल (इन्स्टॉलर) पेनड्राइव्हवर आणा. आधी ३४० पर्ज (सेटिंगसकट साफ) करा, नुसतं रिमूव्ह नको, मागे कचरा राहतो. नूवो ब्लॅकलिस्ट (बंद) करा, तो बदल सुरुवातीपासून लागावा म्हणून अपडेट-इनिटरामएफएस चालवा, रीबूट. मग कंट्रोल-अल्ट-एफ१, लॉगिन, लाइटडीएम (ग्राफिक लॉगिन) बंद करा आणि फाइल सुडोने (अ‍ॅडमिन म्हणून) चालवा. स्क्रीन काळा-पांढरा दिसला तर घाबरू नका, तसाच असतो.

मालवा_मिल_वाली: झांकी कोणत्या मिलची हो? आमचे आजोबा हुकुमचंद मिलच्या झांकीत दिवे लावायचे.

राजवाडा_रेडियम: ताई, नंतर सांगतो. इन्स्टॉलर म्हणतोय कर्नलचा सोर्स सापडत नाही.

टर्मिनलताई: हेडर (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) नाहीत. युनेम -आर चा जो आकडा येतो, शेवटच्या अंकापर्यंत त्याच आकड्याचे लिनक्स-हेडर हवेत. आणि जीसीसी (कंपायलर) आहे ना?

राजवाडा_रेडियम: जीसीसी आहे. हेडर जुन्या कर्नलचे होते, चालू दुसराच होता. आणतो.

बडोदेकर: विंडोज ७ असतं तर हे झालंच नसतं.

ग्वाल्हेरचे_नाना: तुम्ही मघाशी २२.०४ म्हणत होतात.

राजवाडा_रेडियम: झालं!! १९२० बाय १०८०. बटण दिसलं, रोल लावला. नाना, ताई, इंदूरला आलात की सराफ्याच्या खाऊगल्लीत माझ्याकडून गराडू (तळलेला कंद). मालवा_मिल_वाली ताई, झांकी कल्याण मिलची.

टर्मिनलताई: कर्नलचं ऑटो-अपडेट बंद करा. डॉट-रनने टाकलेला ड्रायव्हर नव्या कर्नलबरोबर आपोआप येतोच असं नाही, मग परत इथे धागा काढाल.

पोहे_पेंग्विन: जळलेलं २१० देणार का? पंखा काढून घेईन.