बाथरूममध्ये ॲसिड, कपाटात डांबरगोळ्या: रांगतं बाळ असताना आधी काय हटवावं?

वाघोलीची_टँकरवाली:
सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी. नळांवर, टाइल्सवर पांढरे थर बसतात, म्हणून कामाच्या मावशी सुट्टं ॲसिड ओततात आणि त्यावर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. मग डोळे चुरचुरतात, खोकला येतो. शिवाय कपाटात डांबरगोळ्या, फरशीला काळं फिनाईल, रात्री कॉइल. बाळ आठ महिन्यांचं, रांगायला लागलंय. सगळं एकदम बदलणं जमणार नाही. सुरुवात कुठून करू? व्हिनेगर आणि खायचा सोडा मिसळून भागेल का?

खडूस_रसायन:
ॲसिड आणि टीसीएल एकत्र येणं आजच बंद. बाकीचं सावकाश चालेल, हे नाही.

टीसीएल म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट. त्यावर आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, म्हणजे फरशीलगत, नेमका रांगणाऱ्या बाळाच्या नाकाच्या उंचीवर. टॉयलेट क्लीनरमध्येही बहुतेकदा हायड्रोक्लोरिक ॲसिडच असतं, तेव्हा बाटली बदलून काही साधत नाही. कधी वास सुटलाच तर आत पाणी ओतत बसू नका. बाहेर पडा, दारं-खिडक्या उघडा. छातीतला त्रास काही तासांनीही वाढू शकतो. दम लागला तर 108.

आता मूळ दुखणं, पांढरा थर. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. किराणा दुकानातलं लिंबूसत्व 50 ग्रॅम, कोमट पाणी 1 लिटर. जुनं फडकं त्यात भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने घासून धुवा. जाड थराला पुन्हा एकदा. लिंबूसत्व हेही आम्लच, टीसीएलजवळ नको. शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीवरही नको: हे दगड त्याच कॅल्शियम कार्बोनेटचे, डागाबरोबर फरशीही झिजते. थर बसतो पाणी जागीच वाळल्यामुळे. अंघोळीनंतर वायपर मारलात तर निम्मं काम वाचतं.

व्हिनेगर आणि सोडा मिसळले की फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात. उरतं जेमतेम खारट पाणी.

ट्रंकेतली_पैठणी:
डांबरगोळ्या दुसऱ्या नंबरवर घ्या. त्यातलं नॅप्थलीन जी6पीडी हे विकर कमी असलेल्या बाळांच्या लाल पेशी फोडतं, कावीळ होते. आणि ही कमतरता बाहेरून दिसत नाही. गोळ्यांतली दुपटी, स्वेटर धुऊन, उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरा. तेल लावलेल्या अंगातून नॅप्थलीन जास्त शोषलं जातं, म्हणून मालिशनंतर तर मुळीच नको.

गोळी नक्की कसली ते बघायचं तर साध्या पाण्यात टाका. तरंगली तर कापूर. बुडाली तर मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेल्या पाण्यात टाका: नॅप्थलीन वर येतं, पॅराडायक्लोरोबेंझिन तळाशीच राहतं. बाळाच्या घरात तिन्ही नकोत. कापूर गिळला तर मुलांना झटके येतात, त्यामुळे गळ्यातली कापूर-ओव्याची पुरचुंडीही काढा.

कसर लागते लोकरीला आणि रेशमाला, तीही मळक्या कपड्यांना आधी. स्वच्छ, कडक वाळलेले कपडे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले की पुरतं. पावसाळ्यातला कुबट वास दमटपणाचा. गोळ्या तो फक्त झाकतात.

डास_आणि_मी:
कॉइल म्हणजे बंद खोलीत जळणारा भुसा; औषधापेक्षा त्या धुरातले बारीक कण जास्त छळतात. डेंग्यूचा डास चावतो मुख्यतः दिवसा, तेव्हा रात्रीची कॉइल त्याच्यासाठी बिनकामाची. बाळाच्या दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी लावा, खिडक्यांना जाळी. तुमच्याकडे टँकर, म्हणजे साठवणीची पिंपं असणारच. ती आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही जगतात. फ्रिजमागचा ट्रे लोक विसरतात.

काळं फिनाईल रोज कशाला? बादलीला चमचाभर भांडी घासायचं लिक्विड, नंतर साध्या पाण्याचा हात. रांगणाऱ्या बाळाचे हात फरशीवरून थेट तोंडात जातात.

वाघोलीची_टँकरवाली:
आभार! ॲसिड आजच बंद. उरलेलं अर्धी बाटली आहे, मोरीत ओतून टाकू?

खडूस_रसायन:
आधी मोरीत टीसीएल पडलेलं नाही ना, याची खात्री करा. पडलं असेल तर भरपूर पाणी सोडून दुसऱ्या दिवशी बघा. मग अर्धी बादली पाणी आधी घ्या आणि त्यात ॲसिड थोडं थोडं ओता, उलटं नाही. हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी, बाळ दुसऱ्या खोलीत. खायचा सोडा चिमटीचिमटीने घालत राहा; फसफस थांबली की ओतून वर पाणी सोडा. रिकामी बाटली, विशेषतः कोल्ड्रिंकची असेल तर, धुऊन चेपूनच कचऱ्यात टाका.