गुहागर परिसरात धावणे, सायकल आणि सोबत कुत्री : सडा की पुळण?

वेताळटेकडीकर (मूळ प्रश्न)

नमस्कार. नोकरीनिमित्त मी नुकताच पुण्याहून गुहागर तालुक्यात, वेळणेश्वर आणि हेदवी यांच्या दरम्यानच्या एका वाडीत राहायला आलो आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर रोज सकाळी धावणे आणि रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकलने जाऊन येणे असा माझा क्रम होता, आणि टेकडीवर आमची साडेतीन वर्षांची लॅब्रेडॉर कुत्री बरोबर असे. इथे घरामागून एक पाखाडी (पायऱ्यांची वाट) थेट सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या माळावर चढते आणि समोरच्या उताराने खाली गेले की पुळण, म्हणजे समुद्राकाठची वाळू लागते. दोन्ही जागा सकाळी जवळजवळ निर्मनुष्य असतात, त्यामुळे पळायला याहून चांगली जागा मिळणार नाही असे प्रथमदर्शनी वाटले. मात्र शेजारच्या आजोबांनी, “कुत्रीला सड्यावर मोकळी सोडू नका,” एवढेच दोनदा बजावले आणि पुढे काही सांगितले नाही.

माझे विचारणे असे आहे, की वर्षातील कोणत्या काळात सड्यावर धावणे सुरक्षित असते, कुत्रीला बरोबर न्यावे की तिच्यासाठी वेगळी वेळ काढावी, आणि तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून गणपतीपुळ्यापर्यंत सायकलने जाण्याचा बेत साध्या रोड सायकलवर जमण्यासारखा आहे का? स्थानिक मंडळींनी सविस्तर लिहिले तर आभारी राहीन.

सड्यावरचा मास्तर

आपले तालुक्यात स्वागत. मी इथलाच, शाळेची वेळ सांभाळून सकाळी धावणारा आहे, म्हणून धावण्यापुरते लिहितो.

टेकडीवर वर्षभर एकच वाट धरता येते, तसे इथे होत नाही. सड्यावर जायचे की पुळणीवर उतरायचे, हे महिना आणि तिथी पाहून ठरवावे लागते. तिथीचा हिशेब आपल्या शेजारच्या आजोबांनाही तोंडपाठ असेल: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा; आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. याचा अर्थ पौर्णिमा-अमावास्येच्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास पाणी सर्वांत खाली असते, आणि ते दिवस उधाणाचे असल्यामुळे ते नेहमीपेक्षा बरेच आत गेलेले असते. चतुर्दशीपासून पुढच्या चतुर्थीपर्यंतच्या सकाळी ओली, घट्ट वाळू मिळते आणि तिच्यावर धावणे गुडघ्यांना मानवते. सप्तमी ते एकादशीच्या दरम्यान मात्र सकाळी पाणी वर असते, पायाखाली फक्त कोरडी, भुसभुशीत वाळू उरते आणि थोड्याच वेळात पोटऱ्या भरून येतात. त्या दिवसांत सडा बरा. (या दिवसांतली, म्हणजे भांगाची, भरती फार वर चढत नाही हे खरे, पण सकाळी धावणाऱ्याला त्याचा विशेष उपयोग होत नाही.)

आता सड्याविषयी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सड्याचा खरा हंगाम आहे. गवत कापलेले असते, वाट दिसते आणि सकाळची हवा सुखाची असते. मार्चपासून उजाडल्यानंतर तासा-दोन तासांतच जांभा तापू लागतो, तिथे सावलीला झाड नसते, आणि वाळलेल्या गवतात वणवा लागला तर तो वाऱ्याबरोबर धावणाऱ्या माणसाच्या पुढे जातो, तेव्हा धूर दिसताच उलट फिरावे. पावसाळ्यात कातळावर काळसर शेवाळ धरते आणि चढापेक्षा सपाटीवरच अधिक घसरायला होते. तरीही ऑगस्ट-सप्टेंबरात एकदा तरी सड्यावर जाच, पण चालत जा. सीतेची आसवे जांभळ्या पट्ट्यांनी फुललेली असतात आणि त्यांतून धावणे म्हणजे ती तुडवणे.

सप्टेंबर-ऑक्टोबरविषयी मी सर्वांत गंभीरपणे सांगतो. त्या वेळी गवत कमरेएवढे झालेले असते आणि जुन्या, सोडून दिलेल्या चिरेखाणी (जांभ्याचे चिरे काढलेल्या खाणी) त्यात लपून जातात. चिरा यंत्राने कापलेला असल्यामुळे खाणीच्या भिंती सरळ उभ्या असतात, तळाशी पावसाचे पाणी साचलेले असते, आणि आत पडलेल्या माणसाला किंवा जनावराला वर यायला पायरी नसते. वाट माहीत नसेल तर या दोन महिन्यांत सड्यावर धावू नये, आणि धावायचेच असेल तर गुराख्यांच्या मळलेल्या वाटेवरून हलू नये.

फुरसे या विषारी सापाबद्दल आपण विचारले नाही, पण ते सांगणे भाग आहे. जांभ्याचे सडे हे फुरशाचे घर आहे. दिवसा ते दगडांच्या फटीत आणि गडग्याच्या (रचलेल्या दगडी कुंपणाच्या) सापटीत असते आणि संध्याकाळनंतर बाहेर पडते, म्हणून अंधारात विजेरीशिवाय पाखाडी चढू नये, गडग्यावर हात टेकून उडी मारू नये आणि बुटाची लेस बांधायला पाहिल्याशिवाय दगडावर बसू नये. उजाडलेल्या मोकळ्या कातळावर, नजर खाली ठेवून धावणाऱ्याला त्याचा त्रास सहसा होत नाही.

देवरहाटीतून, म्हणजे देवाच्या राखीव रानातून जाणारी वाट जवळची वाटली तरी गुरवाला किंवा गावातल्या मानकऱ्यांना विचारल्याशिवाय ती धरू नका, आणि कुत्रीला तर आत नेऊच नका.

निवृत्त पशुवैद्यक

मास्तरांनी धावणाऱ्याच्या बाजूने लिहिले आहे, मी कुत्रीच्या बाजूने लिहितो.

लॅब्रेडॉर ही मुळात थंड पाण्यात काम करणारी, दाट केसांची जात आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकताना जिभेवरून आणि तोंडातून जे पाणी उडून जाते, त्यावरच त्याचे अंग थंड होते, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते पाणी नीट उडत नाही. त्यामुळे पुण्यात जी कुत्री आपल्याबरोबर तासभर सहज पळत होती, तीच इथे, थर्मामीटरवर तापमान तेवढेच दिसत असतानाही, लवकर थकेल. शिवाय लॅब्रेडॉर मालकासाठी स्वतःहून थांबत नाही, हा या जातीचा गुण म्हणा की दोष. पहिले काही आठवडे तिला फक्त चालवावे, आणि नंतरही नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळीच थोडे पळवावे. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत तिच्यासाठी सूर्योदयापूर्वीचे चालणे पुरे आहे.

तळहाताची मागची बाजू कातळावर पाच-सात सेकंद टेकवता आली नाही, तर तिथे कुत्रीचे पंजे भाजतात. धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली आहे, हिरड्या विटकरी लाल दिसतात किंवा पाय लटपटतात असे दिसले तर तो उष्माघात समजावा. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते आणि ते ४१ अंशांच्या वर गेले तर जिवाला धोका असतो. अशा वेळी सावलीत नेऊन साधे पाणी अंगावर, विशेषतः पोटावर आणि जांघेत ओतत राहावे, वारा घालावा आणि त्याच अवस्थेत दवाखान्याकडे निघावे.

फुरसे चावले तर ते बहुधा हुंगणाऱ्या तोंडावर किंवा पुढच्या पायावर चावते. सूज येते आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. जखम कापणे, चोखणे, दोरी आवळणे यांपैकी काहीही करू नये. कुत्रीला चालवू नये, उचलून न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारे प्रतिविष कुत्र्यांनाही देतात, मात्र ते जवळ कुठे मिळेल याची चौकशी आजच करून ठेवावी, कारण त्या दिवशी फोन करत बसायला वेळ नसतो.

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. पावसाळ्यात साचलेले पाणी आणि भातखाचरे यांमधून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो आणि तो माणसालाही होतो, तेव्हा तिची दरवर्षीची लस पावसाळ्याआधी पूर्ण करावी आणि आपल्या पायाला जखम असताना खाचरांतून धावू नये. पावसानंतरच्या गवतात गोचिडी फार असतात, म्हणून घरी आल्यावर कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत रोज तपासावे.

आंबेवाला

आजोबांनी जे अर्धवट सांगितले ते मी पुरे करतो. भातशेती आणि काजूच्या कडेने रानडुकरांसाठी काही लोक तारेच्या फासक्या लावतात. ते बेकायदा आहे, तरीही चालते, आणि फासकीला डुक्कर कोणते व कुत्रा कोणता हे कळत नाही. काही ठिकाणी स्फोटकाचे गोळेही ठेवलेले सापडतात, आणि खादाड कुत्र्याने ते तोंडात धरले तर काय होते हे लिहिण्याची गरज नाही. दुसरे कारण बिबट्याचे. पहाटे आणि तिन्हीसांजेला एकटा, मोकळा कुत्रा ही त्याची सर्वांत सोपी शिकार आहे.

तिसरे कारण आमचे बागायतदारांचे. मोहोर येण्याच्या सुमारापासून फळ धरेपर्यंत आंब्यावर साधारण पंधरवड्याच्या अंतराने फवारणी होते. फवारलेल्या बागेतले ओले गवत कुत्रीने चाटू नये, आणि औषधाच्या पिंपाजवळच्या डबक्यातले पाणी तर मुळीच पिऊ नये. ज्या बागांच्या कडेने आपली वाट जाते त्यांच्या मालकांना एकदा भेटून ठेवा, फवारणीचा दिवस ते आपणहून कळवतील. बेडे (बागेचे फाटक) उघडून आत गेलात तर परत लावून घ्या, कारण उन्हाळ्यात गुरे उनाड सुटलेली असतात.

वेताळटेकडीकर

सर्वांचे मनापासून आभार. कुत्री आता साखळीनेच जाईल. एक उपाय सुचला होता: डांबरी रस्त्यावर तिला सायकलच्या बाजूने बांधून हळू पळवले, तर सड्यावरचे धोके टळतील का?

खाडीपलीकडचा सायकलवाला

कृपया असे करू नका. आपल्याकडचा एकही रस्ता अर्धा किलोमीटरसुद्धा सपाट राहत नाही. उताराला सायकलचा वेग कुत्रीच्या वेगापेक्षा वाढतो, वळणावर समोरून एसटी येते, वाडीतले कुत्रे भुंकत बाहेर पडतात, आणि त्या क्षणी ती कोणत्या बाजूला ओढेल हे सांगता येत नाही. वाडीतले कुत्रे एकट्या सायकलस्वाराच्याही मागे लागतात. तेव्हा पॅडल जोरात मारण्यापेक्षा उतरून सायकल मध्ये धरावी आणि चालत पुढे जावे, ते बहुधा हद्द संपली की थांबतात. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. ओरखडा लहान आहे म्हणून टाळू नये.

तवसाळ-जयगड-गणपतीपुळ्याचा बेत उत्तम आहे आणि रोड सायकलवर जमतो, पण अंतर पाहून फसू नका. सागरी महामार्ग प्रत्येक खाडीला समुद्रसपाटीवर उतरतो आणि लगेच सड्यावर चढतो, त्यामुळे चढ-उताराचा आलेख काढला तर तो करवतीच्या पात्यासारखा दिसतो. सिंहगडाच्या पायथ्याकडे जाताना एक लय सापडते, इथे ती दर दहा मिनिटांनी मोडते. पुढच्या लहान दातेरी चक्राला ३४ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला किमान ३२ दात असतील तर चढ बसून पार होतात, जुन्या रेसिंग गिअरवर मात्र काही ठिकाणी उतरून ढकलावे लागेल, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. हेदवी, नरवण, रोहिले करत तवसाळच्या धक्क्यावर उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत. वळणाच्या आधी वेग कमी करावा आणि वळणात सोडून द्यावे. चिऱ्याच्या गाड्यांतून सांडलेली तांबडी माती पहिल्या पावसात साबणासारखी होते, म्हणून जूनचा पहिला पंधरवडा मी स्वतः सायकल काढत नाही.

फेरीबोटीत सायकल सहज चढते. मात्र परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ जयगडला उतरतानाच विचारून घ्या, कारण ती चुकली तर खाडीला मोठा वळसा घालून यावे लागते. गणपतीपुळ्याहून पुढे आरे-वारेच्या घाटातून रत्नागिरी गाठण्याचा मोह होईल. रस्ता देखणा आहे, पण पहिल्याच वेळी तो परतीच्या प्रवासासह धरू नका. घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, साखळीला तेल द्यावे. खाऱ्या हवेत हे आठवडाभर टाळले तरी साखळीवर तांब चढते.

शिमग्याच्या दिवसांत पालख्या आणि चाकरमान्यांच्या गाड्यांमुळे रस्ते भरलेले असतात. त्या आठवड्यात सायकल घरी ठेवा आणि पालखीला जा.

वेताळटेकडीकर

समजले. मग सध्या कुत्री पुळणीवर चालेल, मी सड्यावर धावेन आणि सायकल रविवारी. पुळणीवर तरी तिला मोकळे सोडता येईल का?

सड्यावरचा मास्तर

नोव्हेंबर ते मे नको. ऑलिव्ह रिडले कासवे साधारण मार्चपर्यंत रात्री वाळूत अंडी घालतात, पिल्ले मेपर्यंत बाहेर पडत असतात, आणि कुत्रे ती घरटी उकरतात. सापडलेली अंडी कुंपणाच्या आत हलवली जातात, पण प्रत्येक घरटे वेळेत सापडतेच असे नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा तिला पाण्याजवळ जाऊ देऊ नका. लांब दोरी बांधून, ओल्या वाळूच्या पट्ट्यातून चालवा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढून झाल्यावर टाकून दिलेल्या माशांत फुगलेला केंड मासा असतो, तो विषारी आहे, तेवढा तिच्या तोंडी लागू देऊ नका. चतुर्थीच्या दिवशी भरती तीनला, म्हणजे ओहोटी नऊच्या पुढे. सहाला निघालात तर पाणी उतरत असेल आणि परत येईपर्यंत पट्टा रुंदच होत जाईल.