नवख्या इलेक्ट्रॉनिक संगीतकारांनी मास्टर चॅनल रिकामा ठेवावा का?

तळेगावकर (धागाकर्ता)

ओळखीतली नवी मुलं आपले ट्रॅक ऐकायला पाठवतात आणि सोबत बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: "मास्टरिंगला कोणतं प्लगइन घेऊ?" प्रोजेक्ट उघडून पाहिला की मास्टर चॅनलवर (सगळे आवाज एकत्र होऊन जिथून बाहेर पडतात) इक्वलायझर, मल्टिबँड कॉम्प्रेसर, स्टिरिओ रुंद करणारं काहीतरी आणि सगळ्यात शेवटी लिमिटर (ठरलेल्या पातळीवर जाणारी टोकं दाबणारा) अशी रांग लागलेली असते. लिमिटर दर ठोक्याला आठ-दहा डेसिबल दाबत असतो. किक (ड्रमचा खालचा ठोका) आणि बेस मात्र एकमेकांच्या उरावर बसलेले असतात आणि त्यांच्याकडे कोणाचं लक्षच गेलेलं नसतं.

माझं मत असं की पहिले काही ट्रॅक हातावेगळे होईपर्यंत मास्टर चॅनल पूर्ण रिकामा ठेवा. लिमिटरही नको. एफएल स्टुडिओ हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर आधी तपासून घ्या, कारण त्यातल्या 'बेसिक विथ लिमिटर' टेम्प्लेटमध्ये मास्टरवर लिमिटर आधीच बसवलेला असतो. कित्येकांना तो तिथे आहे हेच ठाऊक नसतं.

कारण सांगतो. १२८ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांचा, साधा हाऊस (नाचाच्या संगीताचा प्रकार) ट्रॅक घ्या. किकचा गाभा ५५ हर्ट्झच्या आसपास आहे आणि बेसलाइन 'ए' वर आहे, म्हणजे तिचा मूळ स्वरही ५५ हर्ट्झच. दोघं एकदम वाजले की कधी लाटेवर लाट चढते, तर कधी एकीचा चढ नेमका दुसरीच्या उतारावर येतो आणि दोन्ही कापल्या जातात. सिंथचा ऑसिलेटर (आवाजाची लाट तयार करणारा भाग) दर स्वराला नव्याने सुरू होत नसेल, मोकळा फिरत असेल, तर हे प्रत्येक ठोक्याला वेगळं घडतं. एक किक भरीव, पुढची पोकळ. मास्टरवर लिमिटर असला की तो भरीव ठोके दाबतो, फरक कमी करतो आणि दोष झाकला जातो. लिमिटर काढा, मीटर बघा, सुई कशी उड्या मारते ते लगेच दिसेल.

याचा इलाज त्या दोन चॅनलवरच आहे. किकची शेपटी आखूड करा. ऑसिलेटरचा फेज (लाट कुठून सुरू होते ती जागा) दर स्वराला पहिल्यापासून सुरू करायची सोय बहुतेक सिंथमध्ये असते, ती चालू करा. साइडचेन लावा, म्हणजे किक वाजली की कॉम्प्रेसर बेसला आपोआप दाबतो, पण वेळ मोजून. १२८ बीपीएमला एक ठोका सुमारे ४६९ मिलिसेकंदांचा, म्हणजे ऑफबीटचा (दोन ठोक्यांच्या मधोमध येणारा) बेस साधारण २३४ मिलिसेकंदांनी येतो. तोवर कॉम्प्रेसरने हात सोडलेला असला पाहिजे, नाहीतर बेसची सुरुवातच चिरडली जाते. हे एकदा कानाने पकडलं की पुढची निम्मी मास्टरिंगची चर्चा करायची गरज उरत नाही.

आणि मुळात आवाज मोजके घ्या. मुंबईत १९८२ साली चरणजित सिंह यांनी टीआर-८०८ (ड्रम मशीन), टीबी-३०३ (बेस सिंथ) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) एवढ्या तीन यंत्रांवर रागांचा अख्खा अल्बम केला. आजही त्यातला प्रत्येक आवाज सुटा ऐकू येतो, कारण तिथे गर्दीच नाही. आमची मुलं पाच सुपरसॉ (सिंथचा जाड, भरगच्च आवाज) एकावर एक चढवतात आणि मग इक्वलायझरने जागा शोधत बसतात.

विरुद्ध मतं असतील तर जरूर लिहा.

निशाचर

असहमत, आणि बऱ्यापैकी असहमत.

किक-बेसबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे. पण त्यावरून "मास्टर रिकामा" हा निष्कर्ष निघत नाही. क्लबमध्ये वाजणारा टेक्नो किंवा ड्रम अँड बेस उणे ८, कधी उणे ६ एलयूएफएसपर्यंत नेलेला असतो (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितका मोठा). त्या संगीताचा आवाजच लिमिटर आणि क्लिपरमधून (टोकं सरळ छाटणारा) घडतो. मास्टरवर सहा डेसिबल दाबले की किकचं टोक बसतं, रिव्हर्बच्या (घुमण्याच्या) शेपट्या वर येतात, हाय-हॅट पुढे सरकतात. रिकाम्या मास्टरवर जमवलेला तोल शेवटच्या दिवशी लिमिटर लावल्यावर कोसळतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. मग पहिल्या दिवसापासून त्या दाबाखालीच तोल का जमवू नये? माझ्या माहितीतले डान्स म्युझिक करणारे बहुतेक जण असंच काम करतात.

दुसरी गोष्ट उत्साहाची. एकोणीस वर्षांचा मुलगा आपला ट्रॅक आवडत्या कलाकाराच्या ट्रॅकशेजारी लावतो. त्याचा दहा डेसिबल हळू वाजतो. त्याला वाटतं आपल्याला काहीच जमत नाही. तिथेच तो लॅपटॉप मिटतो. त्याला आधी आपला ट्रॅक दणकट ऐकू येऊ दे, दोष काढायला नंतर वेळ आहे.

अमृता के

दोघांनाही एक प्रश्न. मी सगळीकडे वाचलंय की मास्टर उणे १४ एलयूएफएसवरच ठेवायचा, त्याहून मोठा केला तर स्पॉटिफाय खराब करतं. मग उणे ८ कसं चालतं?

आणि माझी खोली दहा बाय दहा आहे. भिंतींवर अंड्यांचे ट्रे लावलेत. तरी घरी जोरकस वाटणारा बेस गाडीत घोंघावतो. मॉनिटर (स्पीकर) बदलू का?

निशाचर

उणे १४ हे लक्ष्य समजून काम करू नका. वाजवताना सगळे ट्रॅक एका पातळीवर आणायचं स्पॉटिफायचं नेहमीचं सेटिंग उणे १४ चं आहे, ॲपलचा साउंड चेक उणे १६ चा. तुमचा ट्रॅक उणे ८ असेल तर स्पॉटिफाय तो वाजवताना सहा डेसिबल खाली आणतं, म्हणजे फक्त आवाजाचं बटण फिरवतं. वेगळी शिक्षा नाही. यूट्यूब मोठा ट्रॅक खाली आणतं, पण हळू ट्रॅक वर उचलत नाही. सांभाळायचं ते ट्रू पीक, म्हणजे लाटेचं खरं सर्वात उंच टोक. स्पॉटिफायचीच सूचना आहे की ट्रू पीक उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा आणि ट्रॅक उणे १४ पेक्षा मोठा असेल तर उणे २ च्या खाली. फाइल लहान फॉरमॅटमध्ये बदलताना टोकं थोडी वर उडतात, त्यासाठी ही मोकळी जागा.

तुमचा ट्रॅक कुठल्या प्रकारचा आहे त्यावर आकडा ठरतो. शांत ट्रॅक उणे १४ वर असेल तर असू दे, टेक्नोला ते जमणार नाही.

मंद्र सप्तक

या धाग्यात सगळं क्लबच्याच हिशोबाने चाललंय म्हणून लिहिते. मी अँबियंट करते. माझ्या ट्रॅकमध्ये किकच नाही. दोन मिनिटं एक सूर वाढत जातो आणि त्या वाढण्यातच सगळं आहे. तिथे लिमिटरने सहा डेसिबल दाबले तर सुरुवात आणि शेवट एकाच उंचीवर येतात आणि रचनाच संपते. नवख्यांना "इलेक्ट्रॉनिक म्हणजे मोठं" हे शिकवू नका, एवढी कळकळीची विनंती. निशाचर यांचा सल्ला त्यांच्या प्रकारापुरता खरा आहे, आणि तसं त्यांनी आधीच म्हणायला हवं होतं.

तळेगावकर

अमृता, मॉनिटर बदलू नका. पैसे वाया जातील.

तुमच्या खोलीचा हिशोब करू. दहा फूट म्हणजे सुमारे ३.०५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये लाट अडकते ती पहिल्यांदा त्या लहरीला, जिची निम्मी लांबी या अंतराएवढी असते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर ३४३ भागिले ६.१, म्हणजे ५६ हर्ट्झ. खोली चौरस असल्यामुळे लांबी आणि रुंदी दोन्हीकडून तोच आकडा. छत साडेनऊ फुटांवर असेल तर त्या दिशेने सुमारे ५९. म्हणजे तुमच्या खोलीचे तिन्ही दोष नेमके किक आणि बेसच्या जागी एकवटलेत. त्या लहरीला भिंतीजवळ आवाज फुगतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. खुर्ची मध्यावर असली की बेस कमी ऐकू येतो, माणूस तो वाढवत जातो आणि गाडीत त्याचा घोंघाट होतो.

अंड्यांच्या ट्रेने यातलं काहीच थांबत नाही. ५६ हर्ट्झची लाट सहा मीटरांहून लांब आहे, दोन इंचांच्या पुठ्ठ्याला ती जुमानत नाही. ट्रे आणि पातळ फोम फक्त वरचे आवाज थोडे शोषतात, त्यामुळे खोली आणखी बेसाळ वाटते. आधी ३० ते १२० हर्ट्झचा साइन स्वीप (खालून वर सरकत जाणारा एकच सूर) हळूहळू वाजवा आणि खुर्चीत बसून ऐका, मग खोलीभर फिरून ऐका. नंतर टेबल पुढे-मागे सरकवून बघा. खालचा भाग चांगल्या हेडफोनवर आणि फुकट मिळणाऱ्या स्पेक्ट्रम ॲनालायझरवर (कोणता सूर किती जोरात आहे ते दाखवणारा) पडताळा. व्हॉक्सेंगोचा स्पॅन त्याला पुरेसा आहे.

अजून एक. घरचे झोपल्यावर अगदी हळू आवाजात मिक्स करत असाल तर जपून. आवाज जितका हळू, तितके आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. रात्री बेस वाढवायचा मोह होतो तो बराचसा त्यामुळे.

सांगलीचा साऊंडवाला

मी संगीत करत नाही, साऊंड लावतो. मिरवणुका, हळदी, जत्रा. पोरं पेनड्राइव्हवर स्वतःचे रिमिक्स आणतात आणि ते माझ्या बॉक्सवर वाजतात, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, आमच्याकडं सिस्टीम बहुतेक वेळा मोनोच चालते. रस्त्यावर गाडीच्या डाव्या बाजूला एक आन् उजव्या बाजूला दुसरं ऐकवून उपयोग काय? मग पोरांनी रुंद केलेला सिंथ मोनोत आला की निम्मा गायब होतो. घरीच मोनोचं बटण दाबून ऐकत जा. त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरी, ३० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून आणा. आमच्या बेसच्या पेट्यांना पोर्ट (हवेचं भोक) असतो. पोर्टच्या ट्यूनिंगच्या खाली गेलं की कोन नुसता फडफडतो, आवाज येत नाही, ॲम्पची ताकद वाया जाते आणि कॉइल जळते ती आमची.

तिसरी गोष्ट हलगीची आणि संबळाची. चांगली रेकॉर्ड केलेली हलगी घेतात आणि लिमिटरखाली अशी दाबतात की काठीचा कडकडाटच उरत नाही, नुसतं चपटं फट्फट् येतं. समोर दोनशे माणसं नाचायला उभी असतात ती त्या कडकडाटासाठी. मोठा आवाज माझा ॲम्प देतो. तुम्ही तो फाइलीत भरून आणू नका. मी धागाकर्त्याच्या बाजूनं.

निशाचर

साऊंडवाले दादा, मोनोचं आणि ३० हर्ट्झचं शंभर टक्के मान्य. मंद्र सप्तक यांचा मुद्दाही मान्य, मी डान्स म्युझिकबद्दलच बोलतोय.

हलगीबद्दल मात्र एक सांगतो. ती चपटी होते कारण सगळा दाब मास्टरवर एकाच लिमिटरला सोसावा लागतो. किक आली की तो लिमिटर हलगीलाही खाली ओढतो. तेच काम चॅनलवर वाटून द्या. हलगीच्या चॅनलवर क्लिपर लावून टोकाचे दोनच डेसिबल छाटा, किकवर वेगळा क्लिपर, ड्रमच्या बसवर (सगळे ड्रम एकत्र येतात त्या चॅनलवर) अगदी थोडं. इतक्या क्षणभराच्या टोकाची छाटणी कानाला कळत नाही, काठी शाबूत राहते आणि मास्टरच्या लिमिटरला दोन-तीन डेसिबलांचंच काम उरतं. म्हणूनच म्हणतो, नवख्याला लिमिटरपासून लांब ठेवू नका. तो कशामुळे दाबतोय हे बघायला शिकवा.

तळेगावकर

हे बघायला शिकवायचं असेल तर आधी त्याला लिमिटरशिवायचा ट्रॅक ऐकू यायला हवा, माझा मुद्दा तोच आहे. लिमिटर चालू केला की आवाज वाढतो आणि नुसता एक डेसिबल वाढला तरी कानाला "छान झालं" वाटतं. नवख्याचा निर्णय तिथेच फसतो.

उत्साहाबद्दल: त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला स्वतःचा ट्रॅक वर न्यायला सांगू नका, आवडत्या कलाकाराचा खाली आणायला सांगा. त्याचा मिक्स उणे १८ वर असेल आणि संदर्भाचा ट्रॅक उणे ८ वर, तर संदर्भ दहा डेसिबल उतरवायचा. युलीनचा फुकट लाउडनेस मीटर हे मोजून देतो. दोघं एका पातळीवर आले की कलाकाराच्या ट्रॅकमध्ये बेस किती कमी आहे, किक किती आखूड आहे, ते त्याला स्वतःच ऐकू येईल. लॅपटॉप मिटायची वेळ येणार नाही.

अमृता के

स्वीप वाजवून पाहिला. खुर्ची खरंच खोलीच्या मधोमध होती. ५६-५७ ला आवाज जवळजवळ नाहीसा होत होता आणि दाराशी जाऊन उभी राहिले तर तोच सूर अंगावर येत होता. टेबल समोरच्या भिंतीकडे सरकवलं, आता तो पूर्ण जात नाही. जुना ट्रॅक उघडून किक चार डेसिबल आणि बेस तीन डेसिबल खाली आणला. गाडीत अजून ऐकलेला नाही.

पण मास्टरचं काय करू? दोघांचं पटतंय.

निशाचर

लिमिटर लावा, पण त्याच्या आउटपुटमधून तेवढेच डेसिबल खाली घ्या, म्हणजे चालू-बंद करताना आवाजाची पातळी बदलणार नाही. कान फसतो हा तळेगावकरांचा मुद्दा त्याने निकालात निघतो. आणि सहा डेसिबल दाबूनही तोल टिकतो का हेही पहिल्यापासून कळत राहतं. मी माझ्या मतावर ठाम आहे.

तळेगावकर

पातळी जुळवून चालू-बंद करत असाल तर माझा विरोध बराच कमी होतो. तरी किक आणि बेस दोघंच वाजत असताना तो बंदच ठेवा. त्या दोघांचं जमलं की मग चालू करा. अमृता, गाडीत ऐकल्यावर इथे लिहा, आणि बेसलाइन कोणत्या स्वरावर आहे तेही सांगा.